प्रोफाइलवरचा हुद्दा: नावाखालची एक ओळ नेमकी कशी लिहावी? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

टिपकागद

लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या साइटवर नावाखाली दिसते ती हेडलाइन, आणि अनुभवाच्या यादीत प्रत्येक नोकरीपुढे लिहितो ते टायटल, म्हणजे हुद्दा. या दोन वेगळ्या चौकटी आहेत. निम्मा घोळ दोन्ही एकच समजल्यामुळे होतो. हेडलाइनला २२० अक्षरांची मर्यादा आहे (२०२० पर्यंत ती १२० होती), टायटलला १००. हेडलाइन तुम्ही लिहिली नाहीत, तर साइट चालू नोकरीवरून 'अमुक हुद्दा, तमुक कंपनी' अशी ओळ आपणच बनवून टाकते. ती वाईट असतेच असं नाही, पण कंपनीतला हुद्दा अगम्य असेल तर ओळही अगम्यच होते.

ही ओळ फक्त तुमच्या पानावर राहत नाही. शोधाच्या यादीत, कुणाच्या पोस्टखालच्या तुमच्या प्रतिक्रियेत, कनेक्शनच्या विनंतीत, सगळीकडे नावाबरोबर तीच फिरते आणि बहुतेक ठिकाणी अर्धवट कापलेली दिसते. कुठे किती कापली जाईल हे पडद्यावर आणि जागेवर अवलंबून असतं. म्हणून हिशेब साधा ठेवावा: कामाचं नाव पहिल्या चाळीस अक्षरांत संपलं पाहिजे.

आता ही नेहमीची ओळ घ्या: 'रिझल्ट्स-ड्रिव्हन प्रोफेशनल विथ १०+ इयर्स ऑफ एक्सपीरियन्स इन'. इंग्रजी लिपीत मोजली तर इथपर्यंत ५९ अक्षरं होतात आणि माणूस काय करतो हे अजून आलेलंच नाही. प्रतिक्रियेत दिसणार ते एवढंच. (उदाहरणं सगळी देवनागरीत देतो आहे. इंग्रजीत लिहायची असतील तर तेच शब्द त्या लिपीत घ्या.)

ओळ बांधताना आधी हुद्दा बाजूला ठेवून दिवसभराचं काम क्रियापदांत लिहावं. समजा नेमणूकपत्रावर 'एक्झिक्युटिव्ह – ऑपरेशन्स' आहे. काम काय? आलेला माल तपासणं, जागेवर लावून घेणं, रवानगीची यादी काढणं, साठ्याची मोजणी करणं, फरक निघाला तर नोंद घालणं. मग याच कामाच्या वीसेक जाहिराती वाचायच्या आणि त्यात कुठलं नाव किती वेळा येतं ते मोजायचं. बहुधा 'वेअरहाउस सुपरवायझर' किंवा 'इन्व्हेंटरी कंट्रोलर' येईल. हाताखाली माणसं असतील तर पहिलं, नसतील तर दुसरं. त्यापुढे कशावर काम करता ते आणि एखादी संगणक प्रणाली (इथे एसएपी):

वेअरहाउस सुपरवायझर | इन्व्हेंटरी आणि डिस्पॅच | एसएपी

यात विशेषण एकही नाही. 'पॅशनेट', 'डायनॅमिक', 'गो-गेटर' असे शब्द कुणी शोधखिडकीत टाइप करत नाही, त्यामुळे ते फुकट जागा खातात.

चाळणी

भरतीच्या बाजूने थोडी भर घालतो.

आम्हा भरती करणाऱ्यांच्या शोधात हुद्द्यासाठी वेगळी चाळणी (फिल्टर) असते आणि ती अनुभवातल्या टायटलवर चालते, हेडलाइनवर नाही. म्हणजे हेडलाइन कितीही चकचकीत केली आणि अनुभवात 'असोसिएट – लेव्हल ३' तसंच ठेवलं, तर या चाळणीत ते प्रोफाइल मागे पडतं. टायटल लिहायला लागलं की खाली सुचवण्यांची यादी उघडते. तुमच्या कामाशी खरोखर जुळणारं नाव त्या यादीत असेल तर तेच निवडा. साइट आपल्या आत सगळ्या हुद्द्यांची एक प्रमाण यादी बाळगते आणि लोकांनी लिहिलेले नाना प्रकार त्या यादीतल्या नावांना जोडते. स्वतः घडवलेलं नाव ('कस्टमर हॅपिनेस निंजा' वगैरे) कशाला जोडायचं हे यंत्रालाही कळत नाही आणि माणसालाही.

साध्या शोधखिडकीत काय चालतं तेही माहीत असावं. दोन शब्द अवतरणचिन्हांत टाकले की ते लागूनच आले पाहिजेत अशी अट पडते. 'बिझनेस ॲनालिस्ट' अवतरणांत शोधलं तर 'बिझनेस ॲनालिसिस' लिहिलेला माणूस त्यातून हाती लागेल याची खात्री नाही. ही चिन्हं सरळ लागतात, वर्डमधून चिकटवलेली वळणदार चालत नाहीत. अँड, ऑर, नॉट हे शब्द कॅपिटलमध्ये लिहावे लागतात. तारांकन (*) टाकून अर्धा शब्द शोधण्याची सोय नाही.

यातला 'नॉट' उमेदवारांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. समजा मला सॉफ्टवेअर टेस्टर हवा आहे आणि निकालात विक्रीची माणसं येत आहेत. मी 'नॉट सेल्स' जोडतो. ज्या टेस्टरने हेडलाइनीत 'एक्स-सेल्स' असं जुनं काम मिरवलं आहे, तोही त्याच झाडूने बाहेर जातो. हेडलाइनीत जास्तीत जास्त शब्द कोंबले म्हणजे जास्तीत जास्त शोधांत येऊ, हा समज एकतर्फी आहे. प्रत्येक जादा शब्द कुठल्या तरी शोधातून बाहेर काढण्याचं कारणही होऊ शकतो.

खोडरबर

कंपनीने दिलेला हुद्दा आणि खरं काम यात फारच अंतर असेल तर अनुभवात काय लिहावं? उदाहरणार्थ कागदावर 'मेंबर – टेक्निकल स्टाफ', काम जावा या भाषेत बॅकएंडचे, म्हणजे पडद्यामागचे, प्रोग्रॅम लिहिण्याचं. टायटल थेट 'बॅकएंड डेव्हलपर' करावं का?

टिपकागद

दोन्ही लिहावं, डॅश टाकून: 'मेंबर टेक्निकल स्टाफ – बॅकएंड डेव्हलपर, जावा'. शंभर अक्षरांत आरामात बसतं. कागदाशी जुळतं आणि शोधालाही सापडतं.

शिक्कामोर्तब

वरच्याला अनुमोदन, आणि कारण सांगतो. नोकरी देताना पार्श्वभूमी तपासतात तेव्हा आधीच्या कंपनीला विचारतात त्या गोष्टी मोजक्या: रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, शेवटचा हुद्दा. तिथून उत्तर येतं ते नेमणूकपत्रातल्या किंवा अनुभवपत्रातल्या शब्दांत. तुमच्या अर्जात वेगळं असेल तर तपासणाऱ्याच्या अहवालात 'विसंगती' असा शेरा पडतो आणि मग खुलाशाच्या ईमेल सुरू होतात. खोटं बोलायचा हेतू नसतानाही.

डॅशच्या पुढचा भाग कामाचं वर्णन असतो, तो चालतो. पातळी वाढवणं चालत नाही. 'इंजिनियर' होता आणि 'सीनियर इंजिनियर' लिहिलं, 'टीम मेंबर'चं 'टीम लीड' केलं, तर तो शब्दांचा फरक राहत नाही, दावा होतो. हेडलाइनीत पातळी गाळली तरी चालते. अनुभवात मात्र जशी होती तशीच.

आडवळण

टिपकागद यांच्याशी एका बाबतीत मतभेद. जाहिराती मोजून नाव निवडा म्हणता, पण जाहिरातीच भोंगळ असतात. एकाच कामाला तीन कंपन्या तीन नावं देतात, आणि एकच नाव तीन वेगळ्या कामांना. 'प्रोजेक्ट मॅनेजर', 'प्रॉडक्ट मॅनेजर' आणि 'प्रोग्रॅम मॅनेजर' यांची जाहिरातींतली सरमिसळ बघा. पहिला ठरलेलं काम ठरलेल्या मुदतीत आणि खर्चात पार पाडतो. दुसरा काय बनवायचं आणि आधी काय बनवायचं हे ठरवतो. तिसरा एकमेकांत गुंतलेले अनेक प्रोजेक्ट एकत्र चालवतो. चुकीचं नाव घेतलं की मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही बाजूंचा वेळ वाया.

यावर तोड आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं व्यवसायांचं वर्गीकरण, इस्को-०८, सगळ्यांसाठी खुलं आहे. त्यात १० मोठे गट आहेत आणि ते उतरत उतरत ४३६ लहान गटांपर्यंत जातात. प्रत्येक गटाखाली कामांची यादी असते. नुसत्या हिशेबाच्या कामाचं बघा: २४११ अकाउंटंट, ३३१३ अकाउंटिंगमधले सहायक व्यावसायिक, ४३११ हिशेबनीस कारकून. पहिला आकडा २ म्हणजे व्यावसायिक, ३ म्हणजे तंत्रज्ञ आणि सहायक व्यावसायिक, ४ म्हणजे कारकुनी. आपल्या दिवसभराच्या क्रियापदांची यादी या तिन्हींखालच्या कामांशी ताडून पाहिली, तर स्वतःला 'अकाउंटंट' म्हणावं की 'अकाउंट्स असिस्टंट' याचा निकाल लागतो. युरोपियन आयोगाची एस्को ही यादी याच चौकटीवर बांधलेली आहे आणि तिच्यात प्रत्येक व्यवसायाची पर्यायी नावंही दिलेली असतात. अमेरिकेच्या ओनेट या व्यवसायांच्या माहितीसाठ्यात लोक प्रत्यक्षात कोणते हुद्दे लावतात त्यांचे नमुने आहेत. मला या कामासाठी तेच सर्वांत उपयोगी वाटतात.

टिपकागद

मान्य. नाव आधी वर्गीकरणातून नक्की करा, मग त्याचं बोलीतलं रूप जाहिरातींतून घ्या. उलट क्रमाने केलं तर आडवळण म्हणतात ती सरमिसळ होते.

शिक्कामोर्तब

सरमिसळीवरून आठवलं, काही शब्द मुळातच घसरडे आहेत.

एक्झिक्युटिव्ह: आपल्याकडे 'सेल्स एक्झिक्युटिव्ह' म्हणजे सुरुवातीची पायरी, तर 'एक्झिक्युटिव्ह' हा नुसता शब्द पाश्चात्त्य वाचकाला थेट वरिष्ठ व्यवस्थापन वाटतो. परदेशी वाचक अपेक्षित असेल तर पुढे काम जोडल्याशिवाय हा शब्द वापरू नये.

व्हाइस प्रेसिडेंट: बँका आणि वित्तसंस्थांत ही मधली पायरी असते, कारखान्यात तीच वरची. बँकेबाहेर अर्ज करायचा असेल तर 'व्हाइस प्रेसिडेंट – क्रेडिट रिस्क मॉडेलिंग' असा विषय लावा, म्हणजे वाचणारा पायरीवर अडकत नाही.

डायरेक्टर: कायद्याच्या भाषेत हा संचालक मंडळाचा सदस्य. नोकरीतल्या पायरीचं नाव म्हणूनही वापरतात. 'डायरेक्टर ऑफ इंजिनियरिंग' लिहिलं की गैरसमज टळतो, नुसतं 'डायरेक्टर' लिहिलं की राहतो.

लीड: माणसांचा की तंत्राचा? 'टेक लीड' आणि 'टीम लीड' या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही असाल तर हाताखालची संख्या अनुभवाच्या वर्णनात द्या, हुद्द्यात नको.

मॅनेजर: हाताखाली कुणी नसेल तर मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येणार. 'अकाउंट मॅनेजर' याला अपवाद, तिथे मॅनेज करायची ती ग्राहकाची खाती. हिशेबाशीही त्याचा संबंध नाही, आणि तरी हिशेबाच्या जागांचे संदेश त्या माणसांना येत राहतात.

लेथमास्तर

चर्चा सगळी खुर्चीवरच्या कामांची चालली आहे. कारखान्यातल्या हुद्द्यांत तर एका शब्दाने पगाराची पायरी बदलते.

सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) मशीनवरचे तिघे घ्या. ऑपरेटर जॉब (घडवायचा भाग) चढवतो-उतरवतो, सायकल चालू करतो, मापं तपासतो, फार तर टूल झिजलं की ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) थोडा सरकवतो. सेटर फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी जोडणी) बांधतो, टूलची लांबी घेतो, वर्क ऑफसेट (जी५४ वगैरे) सेट करतो आणि पहिला जॉब पास करून देतो. प्रोग्रॅमर ड्रॉइंगवरून प्रोग्रॅम लिहितो किंवा कॅम सॉफ्टवेअरमधून काढतो. बरेच जण दुसऱ्या पायरीचं काम करतात आणि प्रोफाइलवर 'मशीन ऑपरेटर' लिहून मोकळे होतात. मग फोन येतात ते पहिल्या पायरीचे.

ओळ अशी हवी:

व्हीएमसी सेटर-ऑपरेटर | फॅनुक कंट्रोल | ॲल्युमिनियम डायकास्ट पार्ट

यात चार गोष्टी आल्या: मशीनचा प्रकार (व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं मशीनिंग सेंटर, की टर्निंग सेंटर, हे निराळं कसब आहे), पायरी, कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारी संगणक प्रणाली (फॅनुक की सीमेन्स) आणि कुठल्या धातूवर हात बसला आहे ते. 'ऑल टाइप मशीन' असं कधीही लिहू नये. वाचणारा समजतो की कुठलंच नीट येत नाही.

वेल्डिंगलाही हेच. नुसतं 'वेल्डर' काही सांगत नाही. प्रक्रिया (टिग, मिग, आर्क), धातू आणि पोझिशन लिहा. ६जी म्हणजे पाइप ४५ अंशांत तिरका बांधून, तो न फिरवता केलेला जोड. तो ज्याने पास केला आहे त्याने 'टिग पाइप वेल्डर – ६जी, स्टेनलेस स्टील' असं ओळीच्या सुरुवातीलाच लिहावं. प्रमाणपत्राची मुदत संपली असेल तर मात्र लिहू नये, टेस्ट पुन्हा देऊन मग लिहावं.

खोडरबर

लेथमास्तर, हे उत्तम. म्हणजे सूत्र असं दिसतं: पायरी + कामाचं नाव + कशावर. नर्सिंगला लावलं तर 'स्टाफ नर्स | नवजात अतिदक्षता विभाग', भाषांतराला लावलं तर 'इंग्रजी-मराठी अनुवादक | औषधांची माहितीपत्रकं आणि संमतीपत्रं'. बरोबर ना?

लेथमास्तर

बरोबर. 'अनुवादक | सर्व विषय' लिहिलं असतंत तर तेच 'ऑल टाइप मशीन' झालं असतं.

बिंदुरेघ

अक्षरांच्या बाबतीत काही तांत्रिक गोष्टी.

हेडलाइनीत ठळक किंवा तिरपी अक्षरं दिसतात ती खरी ठळक नसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरचिन्हांच्या प्रमाण यादीत, गणितासाठी राखून ठेवलेली वेगळी चिन्हं आहेत, ती 'फॅन्सी टेक्स्ट' बनवणाऱ्या साइटवरून उचलून चिकटवलेली असतात. डोळ्याला 'मॅनेजर' दिसतं, पण संगणकाच्या लेखी तो निराळ्या चिन्हांचा समूह असतो. परिणाम दोन. शोधात तो शब्द जुळेल याचा भरवसा राहत नाही. आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) त्यातलं एकेक चिन्ह 'मॅथेमॅटिकल बोल्ड कॅपिटल एम' असं वाचतो किंवा आख्खा शब्दच गाळतो. हुद्द्यात हे वापरू नये, कुठेच वापरू नये.

भाग पाडायला उभी रेघ, मध्यबिंदू किंवा स्वल्पविराम, काहीही चालेल, पण एकाच ओळीत एकच. उभी रेघ काही स्क्रीन रीडर 'व्हर्टिकल बार' असं मोठ्याने वाचतात, त्यामुळे दोनांपेक्षा जास्त नकोत. रॉकेट, ज्वाळा, डायमंड यांबद्दल काय बोलणार. एवढंच सांगतो की लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसाचं एक इमोजी आतून तीन चिन्हं जोडून बनतं आणि मोजणीच्या एका प्रचलित पद्धतीत त्याची पाच एककं होतात.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी मर्यादेकडे जास्त लक्ष द्यावं. 'अभियंता' आपल्याला चार अक्षरी दिसतो. संगणकाच्या हिशेबात अ, भ, वेलांटी, य, अनुस्वार, त, काना अशी सात चिन्हं. जोडाक्षरात हलन्तही मोजला जातो, म्हणजे 'क्ष'ची तीन. इंग्रजीत ऐसपैस बसणारी ओळ देवनागरीत भिंतीला टेकते ती यामुळे. वहीत मोजू नका, थेट चौकटीत चिकटवून बघा.

आडवळण

मुळात हुद्दा देवनागरीत लिहावा का? शोधणारा इंग्रजीत टाइप करत असेल तर देवनागरी ओळ त्याला सापडणार कशी?

बिंदुरेघ

वाचणारा कोण यावर. अनुवाद, मराठी आशय, शिक्षण, पत्रकारिता अशी कामं असतील तर देवनागरी ओळ स्वतःच एक नमुना ठरते. बाकीच्यांसाठी मूळ प्रोफाइल इंग्रजीत ठेवून दुसऱ्या भाषेतलं प्रोफाइल जोडायची सोय वापरावी. त्यात हेडलाइन वेगळी लिहिता येते आणि बघणाऱ्याची साइट ज्या भाषेत असेल त्याप्रमाणे ती दिसते. एकाच ओळीत दोन्ही लिपी भरल्या तर निम्मी जागा पुनरुक्तीत जाते.

चाळणी

आणि कृपा करून हुद्दा नावाच्या चौकटीत घालू नका. आडनावापुढे 'हायरिंग', 'एमबीए', इमोजी, फोन नंबर असं काय काय असतं. ती चौकट नावासाठी आहे आणि तिथे चिन्हं, आकडे नकोत असा साइटचा नियमच आहे. शिवाय नावाने शोधणाऱ्याला तो माणूस सापडत नाही.

कोरीपाटी

अनुभव शून्य असेल तर काय लिहावं? 'सीकिंग ऑपॉर्च्युनिटीज' आणि 'ॲस्पायरिंग डेटा सायंटिस्ट' हेच सगळीकडे दिसतं.

चाळणी

पहिलं तर काढूनच टाका. काम शोधता आहात हे सांगायला 'ओपन टु वर्क'ची वेगळी सोय आहे. तिथे पाच हुद्दे निवडता येतात आणि ते फक्त भरती करणाऱ्यांना दिसावेत की सगळ्यांना, हेही ठरवता येतं. फक्त भरती करणाऱ्यांना असं निवडलं तर सध्याच्या कंपनीच्या भरतीवाल्यांपासून ते लपवायचा प्रयत्न साइट करते, पण पूर्ण हमी देत नाही. नोकरीत असताना बदल शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

'ॲस्पायरिंग' शोधात येतो, पण वाचणाऱ्याला फक्त इच्छा कळते. त्याजागी जे येतं ते लिहा: 'सांख्यिकी पदवीधर | पायथन, एसक्यूएल | विक्रीच्या अंदाजाचा प्रकल्प'. प्रकल्प खरा हवा आणि प्रोफाइलवर त्याचा दुवा हवा. आणि 'डेटा सायंटिस्ट'च का? एक्सेल, एसक्यूएल आणि डॅशबोर्ड येत असेल तर ते डेटा ॲनालिस्टचं काम. माहिती एका जागेहून दुसरीकडे वाहून नेणाऱ्या पाइपलाइन बांधत असाल तर डेटा इंजिनियर. मॉडेल बांधून तपासत असाल तर सायंटिस्ट. नवशिक्यांना पहिल्या दोन नावांखालीच जास्त दारं उघडी असतात असं माझं मत.

खोडरबर

मधे खंड पडला असेल तर? घरातल्या आजारपणामुळे किंवा मुलांमुळे दोन वर्षं.

चाळणी

लिंक्डइनने २०२२मध्ये अनुभवाच्या यादीत 'करिअर ब्रेक' हा वेगळा नोंदप्रकार आणला. तो तिथे टाका. हेडलाइनीत खंड लिहायची गरज नाही, तिथे तुमचा व्यवसाय लिहा. दोन वर्षं काम केलं नाही म्हणून स्थापत्य अभियंत्याचा व्यवसाय बदलत नाही.

आडवळण

स्वतंत्र काम करणाऱ्यांनी 'फाउंडर अँड सीईओ' लिहायचं सोडावं, अशी एक नम्र सूचना. एकट्याने लोगो बनवून देणाऱ्याला लोगो हवा असलेला माणूस 'सीईओ' म्हणून शोधणार नाही. 'फ्रीलान्स लोगो आणि पॅकेजिंग डिझायनर' म्हणून शोधेल. दोन कामं असतील तर ज्याचं पुढे जास्त काम हवं आहे ते आधी. दोन्हींचा ग्राहक अगदीच वेगळा असेल (दिवसा लेखापरीक्षण, संध्याकाळी तबला) तर ओळीत एकच ठेवा आणि दुसरं अनुभवात नोंदवा.

शिक्कामोर्तब

काही हुद्दे मात्र कायद्याने राखलेले असतात, तिथे सोयीचं नाव घेता येत नाही. भारतात १९७२च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याला 'आर्किटेक्ट' म्हणवता येत नाही. ब्रिटनमध्येही १९९७च्या कायद्याने हे नाव राखीव आहे, तर 'इंजिनियर' तिथे मोकळं आहे आणि 'चार्टर्ड इंजिनियर' राखीव. कॅनडात प्रांतांच्या कायद्यांनी 'इंजिनियर' या शब्दावरच निर्बंध आहेत. म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी हा शब्द लावण्याआधी त्या प्रांताच्या अभियंता मंडळाचे नियम बघावेत. 'सोल्यूशन आर्किटेक्ट' हे संगणकातलं नाव रूढ आहे, पण नुसतं 'आर्किटेक्ट' लिहून गोंधळ कशाला वाढवायचा.

बिंदुरेघ

बदल करतानाच्या खाचाखोचा.

एक, टायटल दुरुस्त करताना 'नेटवर्कला कळवा'चा खटका बंद आहे ना ते बघा. नाहीतर हुद्द्यातलं स्पेलिंग सुधारलं तरी ओळखीच्यांना नव्या जागेची वर्दी जाऊन अभिनंदनाचे संदेश यायचे.

दोन, नवी नोकरी जोडताना त्याच फॉर्ममध्ये हेडलाइनची चौकट असते. घाईत जतन केलं तर हाताने बांधलेली ओळ पुसली जाऊ शकते. ओळ आधी बाहेर कुठेतरी उतरवून ठेवा.

तीन, बढती मिळाली की जुनं टायटल बदलू नका. त्याच कंपनीखाली नवी नोंद घाला आणि जुन्या नोंदीला शेवटची तारीख द्या. कंपनी सुचवण्यांच्या यादीतून निवडलेली असेल तर दोन्ही नोंदी एकाखाली एक लागतात आणि चढती पायरी दिसते. जुनं टायटल खोडून नवं लिहिलं तर सुरुवातीपासूनच तुम्ही वरच्या हुद्द्यावर होतात असा अर्थ निघतो. शिक्कामोर्तब म्हणतात ती विसंगती इथूनही येते.

चार, गूगलवर जुनी ओळ काही काळ दिसत राहते. पानं वाचत फिरणारा त्यांचा प्रोग्रॅम ते पान पुन्हा वाचेपर्यंत थांबणं एवढंच हाती.

कोरीपाटी

एक नमुना टाकतो, दुरुस्त करून द्या. कागदावर 'असिस्टंट मॅनेजर – बिझनेस सपोर्ट'. काम: पुरवठादारांची बिलं खरेदी आदेशाशी ताडून मंजुरीला पाठवणं, फरक निघाला तर पाठपुरावा, महिनाअखेरीला एमआयएस (व्यवस्थापनासाठीचे अहवाल). हाताखाली कुणी नाही. आताची हेडलाइन: 'असिस्टंट मॅनेजर | बिझनेस सपोर्ट | टीम प्लेयर | एक्सेल एक्स्पर्ट | लाइफलाँग लर्नर'.

टिपकागद

बिल खरेदी आदेशाशी ताडून मंजुरीला पाठवणं म्हणजे 'अकाउंट्स पेएबल'. शोधतात ते याच नावाने. हेडलाइन:

अकाउंट्स पेएबल स्पेशलिस्ट | बिल-खरेदी आदेश जुळणी, एमआयएस | एक्सेल

अनुभवातलं टायटल: 'असिस्टंट मॅनेजर, बिझनेस सपोर्ट – अकाउंट्स पेएबल'.

आडवळण

'स्पेशलिस्ट' खटकतंय. इस्कोच्या हिशेबात हे काम ४३११च्या जवळ आहे. 'अकाउंट्स पेएबल असोसिएट' जास्त खरं.

चाळणी

'असोसिएट'ने असिस्टंट मॅनेजरची पायरी खाली दिसेल. जाहिरातींत 'ॲनालिस्ट'ही चालतं, आणि एमआयएस असल्यामुळे ते इथे शोभेलही. तीन कागद एकमेकांशी ताडत असाल, म्हणजे बिल, खरेदी आदेश आणि माल मिळाल्याची पावती, तर 'थ्री-वे मॅचिंग' हाच शब्द लिहा. जाहिरातींत तो तसाच असतो.

कोरीपाटी

पावतीशीही ताडतो. मग असं लिहितो: 'अकाउंट्स पेएबल ॲनालिस्ट | थ्री-वे मॅचिंग, एमआयएस | एक्सेल'. 'एक्स्पर्ट' काढलं.

लेथमास्तर

एक्सेलमध्ये पिव्होट आणि लुकअप रोज लागत असतील तर 'एक्सेल'च्या जागी ज्या प्रणालीत बिलं चढवता तिचं नाव टाका. एक्सेल सगळेच लिहितात.